चिकुनगुनिया जातो, सांधेदुखी का राहते?

चिकुनगुनियाचा ताप चार-सहा दिवसांत उतरतो, पण सांधे महिनोन्‌महिने ठणकत राहतात, हा अनुभव आपल्या भागातील अनेक घरांना आहे. १९७३ साली बार्शीला या रोगाची साथ आली होती. त्यानंतर सुमारे तीस वर्षे तो देशात फारसा दिसला नाही. २००६ साली मात्र देशभर १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. मराठवाड्यातही माणसे भिंतीला धरून चालू लागली. बहुतेक बरे झाले, पण काहींचे सांधे सुटेनात. विषाणू रक्तातून गेल्यावरही दुखणे का राहते?

याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांचे लक्ष ‘नॅचरल किलर’, म्हणजेच नैसर्गिक मारक पेशींकडे गेले. रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमध्ये त्यांचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असते. १९७५ च्या सुमारास स्वीडन व अमेरिकेतील संशोधकांनी त्या ओळखल्या.

पूर्वी गावात रात्री जागल्या फिरत असे. ओळखीचा माणूस दिसला की सोडून देई, अनोळखी दिसला की हटकत असे. या पेशींचे काम असेच चालते. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीवर ‘मी घरचीच’ अशी खूण असते. विषाणूने ग्रासलेल्या किंवा कर्करोगाच्या पेशीवरील ही खूण अनेकदा पुसट होते. मग मारक पेशी तिला छिद्र पाडून आत विघातक द्रव्ये सोडते व तिचा नाश करते.

त्यांचे दुसरे कामही महत्त्वाचे आहे. विषाणूशी लढताना आपल्याच काही संरक्षक पेशी फार चवताळतात. अशा पेशींना मारक पेशी आवर घालतात. हा आवर सुटला की दाह थांबत नाही. उलट सांध्यात जमलेल्या मारक पेशी स्वतःच दाह वाढवणारी द्रव्ये सोडतात, असेही आढळले आहे. म्हणजे याच पेशी कधी आग विझवतात, तर कधी तेल ओततात.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली याविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. चिकुनगुनियानंतर दीर्घकाळ सांधे धरलेले रुग्ण आणि आमवाताचे (ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे) रुग्ण, या दोघांतही मारक पेशींचे कार्य मंदावलेले व दाह वाढवणारे ‘टीएनएफ-अल्फा’ हे द्रव्य वाढलेले आढळले. एक आजार विषाणूचा, दुसरा शरीराने स्वतःवरच उलटण्याचा, तरी आतील बिघाड मिळताजुळता! मात्र पेशी दुबळ्या झाल्याने आजार झाला, की आजाराने त्या दुबळ्या झाल्या, हे अजून ठरायचे आहे.

आमवात काही दुर्मीळ नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेल्या पाहणीत दर दोनशे प्रौढांमागे सुमारे एकाला तो आढळला.

मग आपण काय करावे?

सकाळी उठल्यावर तासाभराहून अधिक वेळ सांधे आखडत असतील, दोन्ही हातांची बोटे व मनगटे सुजत असतील आणि हे सहा आठवड्यांहून अधिक टिकले असेल, तर ‘वय झाले’ म्हणून अंगावर काढू नका. आमवातात सुरुवातीच्या काही महिन्यांतच हाडे झिजू लागतात आणि वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत. रेणापूरकरांना लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, तेथे वेळेवर दाखवा.

डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिले असेल, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. वार ठरवून घ्या व घरात सर्वांना सांगून ठेवा. गर्भवतींना हे औषध चालत नाही.

नाव नसलेल्या पुड्यांनी चटकन आराम पडला, तर त्यात स्टिरॉइड असण्याची शक्यता असते. अशा पुड्या बरेच दिवस घेतल्या असतील, तर त्या एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ या जाहिरातींना भुलू नका. या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, तिचा तोल गेलेला असतो. तो सावरायला वेळेवर आणि नियमित उपचारच हवेत.