बायोडेटातली मोकळी वर्षं

न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅमस्टरडॅम अव्हेन्यू आणि ७६वा रस्ता मिळतात तिथे ज्यू समाजाचं एक मोठं केंद्र आहे. आत पोहण्याचा तलाव आहे, व्यायामशाळा आहे, वर्ग आणि व्याख्यानं चालतात, आणि एक बालवाडी आहे. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत अशी केंद्रं सापडतात. त्यातल्या अनेकांचा आधार बालवाडीच असते. तरुण आईबाप मुलाला सोडायला येतात, इतर आईबापांशी ओळखी होतात, सणाच्या कार्यक्रमाला थांबतात आणि हळूहळू समाजाच्या कामात ओढले जातात, असा त्यामागचा हिशेब.

या हिशेबाला १९९० नंतर धार आली. त्या वर्षीच्या राष्ट्रीय ज्यू लोकसंख्या पाहणीत असं दिसलं, की अलीकडच्या पाच वर्षांत लग्न झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी समाजाबाहेर लग्न केलं होतं. त्या आकड्यावर पुढे बराच वाद झाला, पण धसका बसायचा तो बसला. समाज टिकायचा तर मुलं व्हायला हवीत आणि ती ज्यू म्हणून वाढायला हवीत, यासाठी शिबिरं निघाली, शिष्यवृत्त्या आल्या, देणगीदारांपुढे भाषणं झाली. आणि हे सगळं उभं करणारी पगारी माणसं? त्यांना स्वतःला मूल झालं तर किती आठवडे रजा, पगार मिळणार का, दोन-चार वर्षं घरी राहून परत यायचं झालं तर दार उघडं असेल का? अनेक संस्थांकडे याचं लेखी उत्तरच नव्हतं. कार्यकारी संचालकांचा स्वभाव कसा आहे त्यावर सगळं ठरायचं.

ही पगारी माणसं म्हणजे कोण, हे आपल्याकडच्या वाचकाला चटकन डोळ्यांपुढे येणार नाही. अमेरिकेतल्या ज्यू समाजाचं स्वतःचं एक संस्थाजाळं आहे. शहरभरातून देणग्या गोळा करून त्या वाटणारी फेडरेशनं आहेत. पहिलं १८९५ साली बॉस्टनमध्ये निघालं. शिवाय शाळा, उन्हाळी शिबिरं, वृद्धाश्रम, कुटुंब-सल्ला केंद्रं, सिनेगॉगची, म्हणजे प्रार्थनागृहांची, कार्यालयं. तिथे काम करणाऱ्यांची एक पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. सुमारे दोनतृतीयांश बायका निघाल्या. पुरुषांचा पगार सरासरीनं वर्षाला २८ हजार डॉलरांनी जास्त होता. वय, अनुभव, शिक्षण, हुद्दा, कामाचे तास हे सगळं सारखं धरलं तरी २० हजारांची तफावत उरत होती. मोठ्या शहरांच्या फेडरेशनांपैकी एकाच्या प्रमुखपदी पहिल्यांदा बाई बसली तीही २०१० सालीच, सॅन फ्रान्सिस्कोत. तिचं नाव जेनिफर गोरोविट्झ. बॉस्टनपासून मोजलं तर त्याला एकशे पंधरा वर्षं लागली.

कायद्याकडे बोट दाखवावं, तर तिथे भोकं आहेत. अमेरिकेचा कौटुंबिक रजेचा कायदा १९९३ सालचा. तो देतो बारा आठवडे, तेही बिनपगारी, आणि खासगी क्षेत्रात पन्नासपेक्षा कमी माणसं असलेल्या मालकाला तो लागू नाही. सिनेगॉगच्या कार्यालयात पन्नास माणसं क्वचितच असतात. न्यूयॉर्क राज्यानं २०१८पासून पगारी कौटुंबिक रजा सुरू केली, पण धार्मिक, धर्मादाय आणि शैक्षणिक संस्थांत व्यावसायिक किंवा शिकवण्याचं काम करणाऱ्यांना सक्तीबाहेर ठेवलं. संस्थेनं आपणहून सामील व्हायचं ठरवलं तरच त्यांना लाभ. भारतात २०१७च्या दुरुस्तीनं सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. आपल्याकडे अंमलबजावणीचे हाल काय आहेत ते वेगळं सांगायला नको, पण निदान मागायला कागद आहे. तिथे पगारी रजेचा देशभर लागू असा तोही नाही. म्हणजे जे काही व्हायचं ते संस्थांच्या आतूनच व्हायला हवं होतं.

ते काम अंगावर घेतलं एका छोट्या संस्थेनं. ‘अ‍ॅडव्हान्सिंग विमेन प्रोफेशनल्स अँड द ज्यूइश कम्युनिटी’ असं तिचं लांबलचक नाव. शिफ्रा ब्रॉन्झनिक यांनी ती २००१ साली सुरू केली. मागे बार्बरा डॉबकिन यांच्यासारख्या स्त्रीवादी देणगीदाराचा पैसा आणि आग्रह होता. या संस्थेचं वेगळेपण मला एका गोष्टीत वाटतं. तिनं बायकांना सुधारायला घेतलं नाही. आत्मविश्वास कसा वाढवावा, मुलाखतीला कोणता कोट घालावा, असल्या शिबिरांचा बाजार तिकडेही तेजीत आहे. ब्रॉन्झनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याऐवजी संस्थांच्या नियमपुस्तिका उघडल्या. समाजातल्या वजनदार पुरुषांकडून त्यांनी वचन घेतलं, की ज्या चर्चासत्राच्या मंचावर एकही बाई नाही तिथे आपण बसणार नाही. साधी गोष्ट, खर्च शून्य, आणि आयोजकांची मात्र धावपळ.

२०१० साली ‘बेटर वर्क, बेटर लाइफ’ ही मोहीम निघाली. उद्दिष्ट असं, की शंभर ज्यू संस्थांनी पगारी पालकत्व रजा आणि लवचिक वेळ यांचं धोरण लेखी स्वीकारावं. लेखी यावर सगळा भर होता. तोंडी सवलत मिळते ती ज्या बाईला साहेब नाही म्हणू शकत नाहीत तिला. स्वागतकक्षात बसणारीला नाही. या कामात ब्रॉन्झनिक यांच्याबरोबर रब्बी जोआना सॅम्युअल्स होत्या. सुरुवातीला उल्लेख केलेल्या ७६व्या रस्त्यावरच्या केंद्राच्या त्या पुढे प्रमुख झाल्या.

रजा ही मात्र निम्मीच गोष्ट. बारा आठवड्यांनी परत येणारी बाई आणि पाच-सात वर्षांनी परत येणारी बाई यांच्यात मोठं अंतर आहे, आणि या समाजात दुसऱ्या प्रकारच्या पुष्कळ. ऑर्थोडॉक्स कुटुंबात चार-पाच मुलं ही काही अपवादाची गोष्ट नाही. ती सगळी शाळेत जाईपर्यंत दशक उलटून जातं.

त्या दशकात बाई काय करत असते, हे पाहण्यासारखं आहे. शाळेच्या पालक मंडळाची ती चिटणीस असते, सिनेगॉगच्या समितीत असते, बाळंतिणींच्या घरी डबे पाठवण्याची यादी तिच्याकडे असते, वार्षिक जेवणावळीसाठी देणग्या तीच गोळा करते. म्हणजे पगारावर असताना जे करायची तेच, बिनपगारी. आणि हा प्रकार आजचा नाही. या संस्थाजाळ्याचा पायाच बायकांच्या अशा कामावर आहे. रिबेका ग्रॅट्झ यांनी १८३८ साली फिलाडेल्फियात रविवारची हिब्रू शाळा काढली. १८९३ साली शिकागोच्या ज्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, तिच्याच निमित्तानं हॅना सॉलोमन यांनी ज्यू स्त्रियांची परिषद भरवली आणि त्यातून नॅशनल कौन्सिल ऑफ ज्यूइश विमेन जन्माला आली. स्थलांतर करून न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर उतरणाऱ्या एकट्या मुलींना या कौन्सिलच्या बायका जाऊन भेटायच्या. हेन्रिएटा झोल्ड यांची हदासा ही स्त्री संघटना १९१२ची. पुढच्याच वर्षी इकडे मुंबईत बेने इस्रायल ज्यूंचं स्त्री मंडळ उभं राहिलं. मग विसाव्या शतकात समाजकार्याच्या पदव्या आल्या, १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये ज्यू समाजकार्याचं पदव्युत्तर विद्यालय निघालं, कामाला पगार लागू झाला, आणि पगाराच्या वरच्या खुर्च्यांवर पुरुष जाऊन बसले. बायकांचं काम चालू राहिलं, त्याची नोंद तेवढी कमी झाली.

ही नोंद बायोडेटात घातली तर काय होतं? शेली कॉरेल आणि सहकाऱ्यांचा २००७ सालचा एक प्रयोग आहे. सारख्या पात्रतेचे अर्ज कंपन्यांना पाठवले. एकात शेजारच्या रहिवासी संघटनेसाठी निधी गोळा केल्याचा उल्लेख, दुसऱ्यात शाळेच्या पालक-शिक्षक संघाचं काम पाहिल्याचा. पहिली अर्जदार निपुत्रिक वाटावी आणि दुसरी आई, एवढाच हेतू. मुलाखतीची बोलावणी पहिलीला दुपटीहून अधिक आली. कंपन्यांचं एक वेळ समजू, त्यांना पालक संघाशी काय घेणं? पण ज्या संस्थेच्या शाळेचा पालक संघ तिनं चालवला त्याच संस्थेच्या मुलाखतीत ‘मधली सहा वर्षं काय केलं?’ असं विचारलं जात असेल, तर विचारणाऱ्यानं आधी आपल्याच शाळेत जाऊन पाहायला हवं.

नोकरीतल्या खंडाची किंमत रोख मोजलेली आहे. सिल्व्हिया अ‍ॅन ह्यूलेट आणि कॅरोलिन बक लूस यांनी उच्चशिक्षित अमेरिकी बायकांची पाहणी केली, ती ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त २००५ साली आली. मुलं असलेल्यांपैकी ४३ टक्के बायका कधी ना कधी नोकरीतून बाहेर पडल्या होत्या. बाहेर पडलेल्यांपैकी परत यायची इच्छा ९३ टक्क्यांना होती. प्रत्यक्ष परतल्या ७४ टक्के, आणि पूर्णवेळ व्यावसायिक नोकरीत जेमतेम ४० टक्के. मिळकत सरासरी १८ टक्क्यांनी घटलेली. खंड तीन वर्षांहून मोठा असेल तर ३७ टक्क्यांनी.

कॉर्पोरेट जगानं यावर एक तोडगा काढला. गोल्डमन सॅक्सनं २००८ साली परतणाऱ्यांसाठी काही आठवड्यांची पगारी उमेदवारी सुरू केली. त्याच वर्षी टाटा समूहानं मुंबईहून असाच ‘सेकंड करिअर’ उपक्रम काढला. या विषयाच्या मोठ्या प्रचारक कॅरोल फिशमन कोहेन यांची स्वतःची गोष्ट तर नाट्यमय आहे. त्या बाळंतपणाच्या रजेवर असतानाच त्यांची कंपनी, ड्रेक्सेल बर्नहॅम लँबर्ट, १९९० साली बुडाली. चार मुलं वाढवून अकरा वर्षांनी त्या बेन कॅपिटलमध्ये रुजू झाल्या.

पण गोल्डमनला जे परवडतं ते बारा माणसांच्या समाजसंस्थेला कसं परवडावं? माझ्या मते तिथे उत्तर लेखी पगारी रजेच्या त्या मोहिमेतच दडलेलं आहे. पगारी रजा लेखी झाली, की कुणीतरी तीन-चार महिने जाणार हे आधी कळतं. त्या जागेवर माणूस हवा, आणि तो शिकाऊ चालत नाही. ज्यू पंचांगाच्या तिश्री महिन्यातले सण सप्टेंबर-ऑक्टोबरात एकामागून एक येतात, शब्बाथ लागणार म्हणून शुक्रवारी दुपारी कार्यालय रिकामं होतं, करसवलतीच्या मुदतीमुळे डिसेंबर अखेरीस देणग्यांचा पूर येतो. हे ज्याला सांगावं लागतं त्याचे पहिले तीन महिने शिकण्यातच जातात. घरी बसलेल्या जुन्या कर्मचारी बाईला हे सांगावं लागत नाही. तिला देणगीदारांच्या नोंदींचं नवं सॉफ्टवेअर शिकावं लागेल, ते आठवड्याभराचं काम. देणगीदार मात्र तिला मधल्या काळातही सिनेगॉगमध्ये दर शनिवारी भेटत होते. एकीच्या रजेची जागा ही दुसरीच्या परतीची वाट होऊ शकते, आणि त्याला वेगळा निधी, वेगळा उपक्रम लागत नाही.

यातला धोकाही खरा आहे. बदली म्हणून आलेली बाई बदलीच राहते; एका रजेवरून दुसऱ्या रजेवर, अर्ध्या पगारात, आरोग्यविम्याशिवाय. अर्धवेळ म्हणून घेतलेल्या जागेचं काम पूर्णवेळ असतं, हे या क्षेत्रातलं जुनं दुखणं आहे. संचालक मंडळाच्या बैठका संध्याकाळी साडेसातला, कारण मंडळावरचे वकील-डॉक्टर तेव्हाच मोकळे होतात. ती वेळ लहान मुलांच्या घरात आंघोळ, जेवण आणि झोपवण्याची. एक फायदा मात्र बाहेरच्या नोकरीत कधीच मिळणार नाही. मुलांच्या ज्यू शाळेला ज्या दिवशी सुट्टी त्याच दिवशी आईच्या कार्यालयालाही. पण त्या शाळेची फी न्यूयॉर्कच्या परिसरात मुलामागे वर्षाला वीस हजार डॉलरच्या पुढे सहज जाते, त्यामुळे अर्धवेळ पगार घरी यायच्या आधीच संपतो.

म्हणून परत येणारीनं पहिल्या दिवशी पगाराचंच बोलायला हवं, आणि समाजकार्यात नेमकं तेच बोलायला संकोच असतो. इथे शहराचे कायदे थोडे मदतीला आले आहेत. न्यूयॉर्कमध्ये २०१७च्या ऑक्टोबर अखेरीपासून मालकाला उमेदवाराचा आधीचा पगार विचारता येत नाही, आणि नोव्हेंबर २०२२पासून जाहिरातीतच पगाराची मर्यादा छापावी लागते. सात वर्षांपूर्वीच्या जुन्या पगारावर चार टक्के चढवून ‘हे घ्या’ म्हणण्याची सोय त्यामुळे उरलेली नाही. पगार छापण्याचा नियम चार किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या संस्थेला लागू होतो, म्हणजे बऱ्याचशा सिनेगॉगच्या कार्यालयांनाही.