अखेरच्या वर्षाचा प्रबंध आणि आशियाचा अभ्यास

पदवी मिळेपर्यंत विद्यार्थी बहुधा इतरांनी शोधून काढलेले ज्ञान आत्मसात करीत असतो. प्रश्न दुसऱ्याचा, पुस्तक दुसऱ्याचे आणि उत्तरही आधीच ठरलेले. अखेरच्या वर्षाचा संशोधन-प्रबंध हा क्रम उलटवितो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने चार वर्षांच्या पदवीस वाट करून दिली आणि २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तिचा आराखडा आखून दिला. त्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधनाची शाखा निवडता येते. किमान १६० श्रेयांकांपैकी १२ श्रेयांक प्रबंधाचे असतात.

आशियाच्या अभ्यासात हा प्रबंध विशेष कठीण वाटतो. चीन, जपान, तिबेट हे देश दूरचे, त्यांच्या भाषा अवघड आणि ग्रंथसंग्रह मोठ्या शहरांत. मग दुर्ग-भिलाई परिसरातील बोरसीसारख्या वस्तीत राहणाऱ्या विद्यार्थ्याने करावे तरी काय? पुष्कळदा तो ‘भारत-चीन संबंध’ असा अवाढव्य विषय घेतो आणि दहा पुस्तकांतील उतारे एकत्र करून मोकळा होतो. त्यास संशोधन म्हणता येत नाही, कारण त्यात उत्तराची अपेक्षा करणारा प्रश्नच नसतो.

वस्तुतः प्रश्न घराजवळच सापडतो. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन-त्संग कलिंगातून वायव्येस सुमारे १८०० ली चालून कोसल देशात आला. तेथे शंभराच्या आसपास संघाराम असून दहा हजारांना थोडे कमी भिक्षू राहतात, असे त्याने नोंदविले. राजधानीचे नाव मात्र दिले नाही. ही राजधानी कोठली? १८७१ मध्ये कनिंगहॅम यांनी चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे बोट दाखविले. भांदक आणि वैरागड यांचीही नावे पुढे आली. महानदीकाठच्या सिरपूरचा पक्ष पुढे बळावला. म्हणजे हा वाद विदर्भ आणि छत्तीसगड या दोन शेजाऱ्यांमधला आहे.

या वादाचा समग्र निकाल लावणे पदवीच्या विद्यार्थ्याचे काम नव्हे. त्याने त्यातील एकच धागा हाती घ्यावा. उदाहरणार्थ, यात्रेकरूने दिलेली अंतरे सिरपूरशी कितपत जुळतात? चिनी भाषा येत नसली, तरी बील यांचे १८८४ चे आणि वॉटर्स यांचे १९०४-०५ चे इंग्रजी ग्रंथ शेजारी ठेवून वाचता येतात. जेथे दोघांचे अर्थ भिन्न होतात, तेथे खूण करावी. ‘ली’ हे माप सर्वत्र सारखे नव्हते, हे ध्यानी घ्यावे. ज्या ठिकाणांबद्दल वाद नाही, अशा दोन ठिकाणांमधील अंतरावरून त्याचा अंदाज बांधावा. कोसलातून पुढे आंध्राकडे दक्षिणेस सुमारे ९०० ली असा उल्लेख आहे. त्या बाजूनेही पडताळा घ्यावा.

मग भूमीकडे वळावे. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९५३ ते १९५६ या काळात सिरपूर येथे उत्खनन केले, तेव्हा आनंदप्रभ नावाच्या भिक्षूने महाशिवगुप्त बालार्जुनाच्या राज्यात बांधविलेला विहार उजेडात आला. तथापि येथेच सावधपणा हवा. विहार सापडला म्हणून यात्रेकरू तेथे आलाच, असे सिद्ध होत नाही. यात्रेकरूचा राजा बुद्धधर्माचा आदर करणारा. बालार्जुन तर स्वतःस परममाहेश्वर म्हणवितो. पण शैव राजाने विहारांना आश्रय दिल्याची उदाहरणे आहेत, तेव्हा एवढ्यावरून विरोधही सिद्ध होत नाही. शिवाय या राजाच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. जे पुराव्याने टिकते तेवढेच लिहावे आणि जेथे पुरावा संपतो, तेथे तसे स्पष्ट सांगावे. मार्गदर्शक गुण देताना याच गोष्टीकडे पाहतो, किंबहुना पाहावयास हवे.

पुरातत्त्वात ज्याचे मन रमत नाही, त्याच्यासाठी भिलाईचा कारखाना उभा आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात त्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच दशकात चीनमधील आन्शानचा पोलाद कारखाना सोव्हिएत साहाय्यानेच वाढत होता. १९६० मध्ये सोव्हिएत तज्ज्ञांना चीनमधून परत बोलाविण्यात आले. भिलाईतील सहकार्य मात्र पुढे चालू राहिले. परक्या तज्ज्ञांकडून येथील कामगारांनी कौशल्य कसे आत्मसात केले, हा प्रश्न निवृत्त कामगारांच्या संमतीने, त्यांच्या आठवणी नोंदवून अभ्यासता येईल. आन्शानविषयी मात्र भाषांतरित ग्रंथांवरच भिस्त राहील. दोन्ही बाजूंचा पुरावा सारख्या वजनाचा नाही, ही कबुली प्रबंधात आरंभीच यावी.

असे काम एका वर्षात, मर्यादित साधनांनी होऊ शकते. त्यासाठी विषय जून-जुलैतच निश्चित करावा, दर आठवड्याची टिपणे तारीखवार ठेवावीत आणि प्रत्येक विधानाचा आधार तत्काळ नोंदवावा. पाने पन्नास झाली की शंभर, याला महत्त्व थोडे. प्रबंध वाचणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थ्याला त्याच पुराव्यावरून तोच निष्कर्ष तपासून पाहता आला, की बोरसीत बसून केलेला अभ्यासही आशियाच्या ज्ञानात आपली लहानशी भर घालतो.