एका क्रमांकाचे दोन जीव

आंबोलीजवळच्या चौकुळ गावाचं नाव २०२२ साली एका चतुराला मिळालं: बर्मागोम्फस चौकुळेन्सिस. त्याआधी २०२० मध्ये ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिसची नोंद झाली होती, नावातच कोकण घेऊन. भारतातल्या चतुर-टाचण्यांवर एफ. सी. फ्रेझर या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी लिहिलेले तीन खंड १९३३ ते १९३६ या काळात आले, आणि अभ्यासक आजही ते उघडतात. इतक्या पाहिल्या गेलेल्या गटातही गावालगत नव्या जाती सापडतात. मग ज्यांना मराठीत धड नावही नाही, त्या मेफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या पाणकिड्यांचं काय असेल!

पण नवं नाव बहुधा मिळतं ते पंख फुटलेल्या किड्याला. पंखांच्या शिरा आणि नराच्या शेपटाकडचे आकडे पाहून जात ठरते. चौकुळच्या चतुराच्या कुळातल्या अळ्या मात्र पाण्याखाली वाळूत, गाळात रुतून वाढतात. पंखांचं आयुष्य त्या मानाने थोडं. ओढ्यात जाळी लावून प्रवाहाच्या वरच्या बाजूचे दगड पायाने ढवळले की हाती लागतात त्या अळ्याच, आणि आपल्याकडच्या असंख्य अळ्या कोणत्या जातीच्या, हे ओळखायला तक्तेच नाहीत. सर्वेक्षण करणारा कुळापर्यंत पोचतो आणि तिथे थांबतो.

याची किंमत नदी मोजते. पाणकिड्यांवरून पाण्याची प्रत ठरवायची ब्रिटनमधली पद्धत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने भारतासाठी बदलून घेतली. मूळ पद्धतीत कुळाला १ ते १० गुण असतात: दगडाला चपटी चिकटून राहणारी हेप्टाजेनिडी १०, कायरोनोमिडी फक्त २. या दुसऱ्या कुळातल्या काही अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लालभडक दिसतात आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तगतात. पण त्याच कुळात स्वच्छ, गार झऱ्यात राहणाऱ्या जातीही आहेत. गुण दोघींना सारखेच! उष्ण कटिबंधातल्या नद्यांना हे माप फार जाडंभरडं आहे, असं माझं ठाम मत आहे.

अळी आणि पंखवाला यांची गाठ आता डीएनए जुळवूनही घालता येते. तरी मला जुनी रीत प्रिय आहे. पंखांचे कोंब फुगलेली अळी बरणीत ठेवायची, चढायला खडबडीत काडी द्यायची, डासांच्या अळ्या खाऊ घालायच्या, तोंडावर जाळी बांधायची. बाहेर आलेला चतुर पांढुरका, ओलसर असतो. लगेच उचलला तर रंग कळत नाहीत, आकडे वाकतात. एक दिवस धीर धरावा लागतो. काडीवर उरलेली कात ही अळीचा हुबेहूब साचा असते, तोंडाखालच्या पकडीच्या दातांसकट. ती अल्कोहोलमध्ये जाते, चतुर वेगळा जपला जातो, आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच क्रमांक पडतो. तालुक्याच्या महाविद्यालयातही हे सहज जमेल. फक्त अळ्या मे महिन्यातच आणायला हव्यात. पहिला लोंढा आला की ओढ्यात पाय ठेवता येत नाही.