जंगलाच्या कोठाराची किल्ली कोणाच्या हातीं?

आषाढ लागला म्हणजे भामरागडच्या वाटेवर पर्लकोटा नदीला पूर येतो, रस्ता पाण्याखालीं जातो, आणि पलीकडील गांवांचा जगाशीं संबंध कांहीं काळ तुटतो. नेमक्या याच वेळीं तेथील शेतकऱ्याच्या घरांतील कणगीचा तळ दिसूं लागलेला असतो. रोवणी तोंडावर, अंगमेहनत वर्षांतील सर्वांत जास्त, आणि ताटांत मात्र सर्वांत कमी. ही स्थिति गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांच्या जंगलपट्टींत दुष्काळी वर्षाचीच नव्हे, बऱ्या वर्षाचीहि आहे. शहरांत बसून आपण तिला ‘आदिवासींचें दारिद्र्य’ असें नांव देतों व दुसऱ्या मजकुराकडे वळतों. परंतु रोगाला नांव देणें म्हणजे त्याचें निदान करणें नव्हे.

या लोकांच्या आळसावर व व्यसनावर सगळें खापर फोडणारे गृहस्थ आमच्या परिचयाचे पुष्कळ आहेत. त्यांस आमचा एकच प्रश्न आहे. जेथें वर्षास १३०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तेथें बहुतेकांच्या शेतांत भाताचें एकच पीक कां निघावें? हा सारा पाऊस चार महिन्यांत पडून वाहून जातो. तो अडविण्यासाठीं पूर्वजांनीं चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या मुलखांत हजारों तलाव बांधले. कोहळी समाजाचा त्या कामांत हातखंडा होता. मालगुजारी १९५० च्या कायद्यानें गेली, व ती जाणें योग्यच होतें. परंतु तिजबरोबर तलावहि सरकारखातीं जमा झाले, आणि सर्वांचें तें कोणाचेंच नव्हे, या न्यायानें पुष्कळांत गाळ भरला. अर्थात् भाद्रपदांत पावसानें ओढ दिली कीं लोंबींत दाणा भरत नाहीं. भरलाच तर तो घरांत टिकत नाहीं. उसनें आणलेलें धान सवाई-दिढीनें फेडावयाचें, दुकानाची उधारी वारावयाची, लग्न व औषध पाहावयाचें. यासाठीं खळ्यावरूनच धान विकलें जातें, आणि जो विकतो तोच आषाढांत चढ्या भावानें विकत घेतो.

ही तूट भरून काढणारें दुसरें कोठार म्हणजे जंगल. चैत्रांत मोहफुलें वेंचून वाळविलीं म्हणजे तीं पावसाळ्यांत उकडून खातां येतात. मग चारोळी, तेंदूचीं फळें. पहिल्या पावसाबरोबर तरोट्याची कोंवळी भाजी, बांबूचे कोंब म्हणजे वास्ते, वारुळांवरच्या सात्या, ओढ्यांतील मासे, आणि अगदींच निभेना तेव्हां कंद. तांदूळ थोडा उरला कीं बायका त्याची आंबील पातळ करितात. पाणी वाढतें, दाणे तेवढेच राहतात, व सर्वांमागून जेवणारी घरची बाईच असल्यामुळें तिच्या वांट्यास बहुधा पाणीच येतें. तिच्या पोटीं मूल कमी वजनाचें जन्मलें म्हणजे आपण दवाखान्यास दोष देतों! दवाखान्यानें करावयाचें तें करावेंच. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें याच जिल्ह्यांत गांवच्याच शिकविलेल्या बायकांकडून घरोघर शुश्रूषा करवून नवजात अर्भकांचे मृत्यु निम्म्याहून अधिक घटविले, हें १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांतून जगास कळलें. पण आईचें ताट भरणें हें दाईचें काम नव्हे.

आतां या कोठाराला कुलूप कोणीं घातलें तें पाहूं. १८७८ व १९२७ च्या कायद्यांनीं राखीव जंगलांत रयतेचा हक्क गेला व सवलत आली. हक्क मागतां येतो, सवलतीसाठीं हात पसरावा लागतो. वकिलीच्या धंद्यांतील माणसास हा भेद सांगावयास नको. गंमत अशी कीं, १८९६-९७ च्या दुष्काळांत याच मध्यप्रांताच्या सरकारनें खाण्याजोग्या वस्तू गोळा करण्यास जंगलें मोकळीं केलीं. म्हणजे जंगल हें रयतेचें अन्न आहे हें इंग्रजांसहि ठाऊक होतें; माणसें मरूं लागेपर्यंत तें कबूल करावयाचें नव्हतें, इतकेंच. आणि इंग्रज गेल्यावरहि कुलूप साठ वर्षें तसेंच राहिलें, ही लाजेची गोष्ट आम्हीं कोणाच्या माथीं मारावी?

२००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबू व तेंदूपानासुद्धां गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेस दिली. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवानें २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला, आणि २०११ सालीं स्वतःचा बांबू विकण्याचा परवाना घेतला. पुढें अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करूं लागल्या. जेथें कज्जा होता तेथें मजुरी आली.

तरी चित्र सर्वत्र असें नाहीं. रेशनचें धान्य, २०१३ च्या कायद्याप्रमाणें, माणशी महिना पांच किलो. दिवसास सुमारें १६५ ग्रॅम. अंत्योदयाच्या कुटुंबास ३५ किलो मिळतें. त्यावांचून पुष्कळांचें पान हालणार नाहीं हें खरें. पण चिखलांत दिवसभर वाकणाऱ्या अंगास तेवढ्यानें काय होणार, आणि डाळ-तेलाचें नांव त्या कायद्यांत नाहीं. म्हणून उन्हाळ्याआधीं बिऱ्हाडेंच्या बिऱ्हाडें तेलंगणांत मिरची तोडावयास जातात. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली तेव्हां त्यांतलींच माणसें रानावनांतून पायीं परतलीं. जीं गांवीं राहतात तीं वाघाच्या रानांत शिरतात. मे २०२५ मध्यें सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपानें तोडावयास गेलेल्या तीन बायका एकाच दिवशीं वाघिणीनें मारल्या. भय त्यांस नव्हतें असें कोण म्हणेल?

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत, म्हणून दोन शब्द त्यांसहि. चैत्रांत मोहफूल पडेल त्या भावानें घ्यावयाचें, कोठींत भरावयाचें, आणि श्रावणांत तेंच त्याच गांवास चढ्या भावानें विकावयाचें, हा धंदा बेकायदेशीर नाहीं; तो करणारांस बाजारांत मानहि आहे. पण ग्रामसभा स्वतःची कोठी बांधूं म्हणते तेव्हां तिला कर्ज मिळूं नये म्हणून खटपट करणें हा धंदा नव्हे. तसेंच तेंदूचें. पानांचा हंगाम मे महिन्यांत आटोपतो. ठेकेदारानें ठरलेली रक्कम रोवणीपूर्वीं दिली तर तिचा तांदूळ होतो. तीच दिवाळीला दिली तर ती मधल्या उसनवारीच्या दिढींत जाते, आणि कित्येक ठिकाणीं तर ती वर्ष उलटलें तरी हातीं पडत नाहीं. लिलावाच्या करारांत रक्कम जूनअखेर देण्याची अट व ती मोडल्यास व्याज, एवढें प्रत्येक ग्रामसभेनें या हंगामापासून लिहून घ्यावें. मसुदा करून देण्यास चंद्रपूर-गडचिरोलीच्या वकिलांनीं फी मागूं नये.