जुन्या लँड रोव्हरची पुढची बैठक

उसाच्या मळ्यात आणि डोंगरवाटांवर राबलेली जुनी लँड रोव्हर आपल्या बेटावरील काही कुटुंबांनी अजून जपून ठेवली आहे. इंजिनाची सर्वांना काळजी असते, रंगही वेळच्या वेळी दिला जातो. पण माणूस जिथे बसतो त्या जागेकडे कोणी पाहत नाही. म्हणून आज वाचक बंधुभगिनींपुढे पुढच्या सीटचा विषय आम्ही मांडीत आहोत.

ही गाडी १९४८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. 'सिरीज थ्री' ही आवृत्ती १९७१ पासून १९८५ पर्यंत निघत होती. गाडी मुळात शेतकामाची, त्यामुळे आरामाचा विचार कमी. साध्या सीटची गादी पेटीवर नुसती बसवलेली असते. उचलली की हातात येते. चांगल्या प्रतीच्या सीटला सरकपट्टी मिळते, साध्या सीटला नाही. शिवाय खाली पट्ट्यांच्या स्प्रिंगा, म्हणून प्रत्येक खड्डा थेट कंबरेला कळतो.

आम्ही शिक्षक वर्गात रोज पाहतो, की ज्या मुलाचे पाय जमिनीला टेकत नाहीत ते बाकावर स्थिर बसत नाही. गाडीतही तसेच आहे. वडील उंच, मुलगी ठेंगणी आणि गाडी एकच! मुलगी पाठीमागे सैल उशी घेते. ती उशी घसरून पेडलखाली गेली, तर ब्रेक दाबला जाणार नाही. कंबरदुखी सोसता येते, हा धोका सोसता येत नाही.

तेव्हा प्रथम बसण्याची रीत तपासावी. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहावा, पाठ टेकलेली असावी आणि स्टिअरिंग धरताना कोपर ताणले जाऊ नये. सरकपट्टी असेल तर ती साफ करून तिला ग्रीस लावावे, आणि खटका दोन्ही बाजूंनी घट्ट बसतो की नाही हे पाहावे. पट्टी नसेल तर पाठीची जाड गादी शिवून घ्यावी व ती पट्ट्याने पक्की बांधावी.

मग बसायची गादी. तळाची फळी कुजली असेल तर आधी ती बदलावी. मऊ फोम दुकानात छान वाटतो, पण धक्क्यासरशी तळाला टेकतो. कठीण, दाट फोम घ्यावा. फार जाडही नको, नाहीतर मांडी स्टिअरिंगला लागते आणि डोके छताला.

नवीन गाडीची सीट बसवण्याचा मोह अनेकांना होतो. तिचे बोल्ट जुन्या भोकांशी जुळत नाहीत आणि मग ड्रिल हाती घेतले जाते. इथे सावध राहावे. ८८ इंची गाडीत पेट्रोलची टाकी उजव्या सीटखाली, म्हणजे आपल्याकडे चालकाच्याच खाली असते. टाकी न काढता तिथे भोक पाडू नये. ठिणगी आणि पेट्रोलची वाफ यांची गाठ पडू देऊ नये. सीटची पेटी पातळ अ‍ॅल्युमिनियमची असते. म्हणून नव्या बोल्टखाली पोलादी पट्टी द्यावी आणि सुरक्षापट्टा नुसत्या पत्र्याला कधीही अडकवू नये.

आपल्याकडे खारी हवा. अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांना भिडले की अ‍ॅल्युमिनियम पांढरे पडून झिजते. मधे नायलॉनचा वॉशर व थोडे ग्रीस असले की बरीच वर्षे निभावते.

काम संपल्यावर घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला एकदा सीटवर बसवावे, गाडी उभी असतानाच तिन्ही पेडल पूर्ण दाबायला सांगावे. ज्याचा पाय पोचणार नाही, त्याच्यासाठी काम अजून बाकी आहे.