पिल्लू छोटं, तयारी मोठी!

रील्समध्ये 'टीकप' पॉमेरेनियन बघून लगेच घ्यावासा वाटतोय? जरा थांबा! 'टीकप' अशी वेगळी जातच नाही. कधी कधी ते नुसतं कमी वयाचं किंवा अशक्त पिल्लू असतं. २०१७ च्या नियमांनुसार ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणून ब्रीडरची नोंदणी तपासा, पिल्लू आईसोबत बघा, लसींचं कार्ड मागा.

एवढासा जीव उपाशी राहिला की त्याची साखर झपाट्याने उतरते. दिवसातून चारदा थोडं थोडं खायला हवंच. सोफ्यावरून उडी मारली तरी पाय मोडू शकतो. गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा हार्नेस बरा. तुम्ही कॉलेजला गेल्यावर त्याला भरवणार कोण? हे आईबाबांशी बोलून ठरवा, मगच ॲडव्हान्स द्या.