डेटा संपला? नगर जिल्ह्यात वाय-फाय असं शोधा

फॉर्म भरायची शेवटची तारीख आणि दिवसाचा दीड जीबी दुपारीच संपला. मग काय करायचं? आजच्या भागात मी तेच सांगतोय.

पहिली जागा म्हणजे रेल्वे स्टेशन. रेलटेल या सरकारी कंपनीनं जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरुवात केली. आज देशातल्या ६,००० हून जास्त स्टेशनांवर ही सोय आहे. आपल्याकडे दौंड-मनमाड मार्गावर अहिल्यानगर, राहुरी, बेलापूर (म्हणजे श्रीरामपूर) आणि कोपरगाव ही स्टेशनं लागतात. प्लॅटफॉर्म तिकीट काढा, वाय-फाय चालू करा आणि यादीत 'रेलवायर' दिसतंय का बघा. दिसलं की मोबाईल नंबर आणि ओटीपी टाका. रोज पहिला अर्धा तास फुकट मिळतो, फॉर्मपुरता तो पुरतो.

दुसरी वाट पीएम-वाणीची. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं ही योजना मंजूर केली. यात किराणावाला किंवा चहावालासुद्धा लायसन न काढता वाय-फाय देऊ शकतो. जवळचा हॉटस्पॉट तुम्हाला ॲपमध्ये दिसतो.

पण खरी मेख पुढे आहे. वाय-फाय कोणी वापरलं याची नोंद ठेवावी लागते, म्हणून ओटीपी लागतोच आणि तो येतो एसएमएसवर. सिम बंद पडलं असेल तर समोर वाय-फाय असूनही उपयोग शून्य! म्हणून रिचार्ज पूर्ण संपू देऊ नका, आणि वाणीचं ॲप डेटा असतानाच घेऊन ठेवा.

आणि हो, फुकटच्या अर्ध्या तासासाठी कोणी यूपीआय पिन मागितला, तर लगेच बाहेर पडा.